अर्बनबाबांची आंघोळ

संत अर्बनबाबांचा सण मे अखेरीस येतो. आमच्या जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या गावाचा रिवाज असा, की त्या दिवशी ऊन पडलं तर बाबांच्या लाकडी मूर्तीला वाइनचं स्नान, पाऊस पडला तर सरळ नदीत बुडी. द्राक्षवेलींचे रखवालदार ना ते! कामात कुचराई केली तर संतालाही माफी नाही. घाटावर प्रवचन संपलं, की आभाळ बघून निवाडा.

त्या वर्षी सकाळपासून भुरभुर लागली होती. मूर्ती सांभाळणारी ओडिलियामावशी माझ्या कानाशी लागली, "आतून नुसता भुसा झालाय रे. पाण्यात गेले तर बाबा परत यायचे नाहीत."

मूर्तीचा उजवा हात तिच्या नवऱ्यानं आपल्या शेवटच्या हिवाळ्यात कोरून बसवला होता. ते ती बोलली नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

"रिवाज म्हणजे रिवाज," म्हातारा निकेल गुरगुरला. "माझे वेल फुलोऱ्यावर आलेत. फूल गळालं तर पिंपात काय यांचे अश्रू भरू?"

आमचे सेवेरिन पाद्री प्रवचन बोलत नसत, गात. त्या दिवशी त्यांनी कथा लावली ती अर्बनबाबा मारेकऱ्यांपासून वेलीआड लपले त्याची. वेलीनं पानं कशी पांघरली, हे ते आळवून आळवून सांगू लागले. दर कडव्यानंतर आम्ही धरायचं, "आसरा दिला त्याला विसरू नको."

"फादर, आवरा आता!" निकेल ओरडला. "आभाळ तुमच्या गळ्याला भुलत नाही."

घाट हसला. पाद्रींनी आणखी एक कडवं घेतलं. मग आणखी एक. शेवटी निकेलचाही घोगरा आवाज धृपदात मिसळला.

प्रवचन संपलं. पाऊस तसाच. आम्ही पालखीचे दांडे उचलले आणि पाण्याकडे वळलो.

"थांबा," मावशी आडवी आली. "निकेल, हात लावून बघ. नखशिखांत भिजलेत की नाही? आपल्याबरोबर, आपल्याइतकेच. शिक्षा झाली म्हणायची की अजून हवी?"

निकेलनं मान वर केली. बाबांच्या नाकावरून थेंब गळत होता. त्याच्याही. तो खो खो हसला, कोट काढून बाबांच्या खांद्यावर टाकला.

"पण वाइन मिळायची नाही हं!"

"नकोच," मावशी म्हणाली. "ओल्या अंगावर बाधते."

परतीच्या चढावर पालखीचा पुढचा दांडा निकेलनंच घेतला. धृपदही त्यानंच धरलं, बेसूर.