फळ्यावरची सही

मी विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीचा फळा बोलतोय. तेव्हा गेटमधून आत आलं की डाव्या हाताला मीच असायचो. माझा जन्म येरवड्याच्या तुरुंगातल्या सुतारशाळेत झाला. कुणा कैद्याने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, रंग दिला. एवढ्या कडक ठिकाणी जन्मूनही मी भित्राच. खडू कर्रकन वाजला की दचकायचो.

माझ्यावर लिहायच्या आमच्या सेक्रेटरी सत्यशीलाबाई, निवृत्त शिक्षिका. 'उद्या पाणी नाही. आजच भरावे. उद्या आरडाओरडा केल्याने नळ घाबरत नाही.' लोक पाण्यासाठी कमी आणि या टोमण्यांसाठीच जास्त थांबायचे.

पहिल्या मजल्यावर द्वारकाबाई. ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी राहिली, बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले. त्यांच्याकडे एका खोलीत नीमा भाड्याने राहायची. टांझानियाची, कॉम्प्युटर शिकायला आलेली.

एका रविवारी नगरसेवक नागोराव नव्या बाकांच्या उद्घाटनाला आले. प्रत्येक बाकावर त्यांचं नाव! बोलता बोलता रंगात आले नि म्हणाले, "ह्या काळ्या लोकांना घरं देऊ नका. रंगावरूनच कळतं कसली माणसं आहेत ती. एक तारखेला ती खोली रिकामी पाहिजे."

नीमा मागच्या खुर्चीत बसली होती. दहा दिवसांवर तिची शेवटची परीक्षा. मीही काळाच की.

"लिहा हे फळ्यावर," साहेबांनी फर्मावलं.

सत्यशीलाबाईंनी खडू त्यांच्यापुढे धरला. "शब्द आपले, तर अक्षरही आपलंच असू द्या. आणि खाली सही. निनावी मजकूर इथे चालत नाही."

नाव लिहायची संधी नागोरावांनी आजवर सोडलेली नव्हती. त्यांनी ऐटीत सगळं लिहिलं आणि हुद्द्यासकट सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बससाठी निघालेल्या, आमच्याच सोसायटीतल्या पियुषने माझा फोटो काढला. दुपारपर्यंत तो शहरभर! 'मी असं बोललोच नाही' म्हणायची सोयच उरली नाही. कॉलेजची मुलं, आयटीतली मंडळी, शेजारच्या इमारतींतल्या बायका, सगळे नागोरावांच्या कार्यालयासमोर जाऊन बसले. पक्षानेही खुलासा मागवला.

नागोरावांचा माणूस ओलं फडकं घेऊन पळत आला.

"सूचना सात दिवस राहते," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "घाई असेल तर साहेबांना पाठवा."

चौथ्या दिवशी साहेब आले. पत्रकारांसमोर घसा खाकरून म्हणाले, "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर..."

"असतील तर?" द्वारकाबाई कडाडल्या. "दुखावल्यात! आन् क्यामेऱ्याकडं काय बघताय? पोरगी हितं उभी हाय. तिच्याकडं बघून बोला की!"

नागोराव वळले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "तू राहा इथे."

"मी कुटं जात नव्हतेच," नीमा द्वारकाबाईंकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली. "पुसा आता."

त्यांनी स्वतःच्या हाताने मला पुसलं. पांढऱ्या शर्टावर खडूची भुकटी उडाली, पण मी अजिबात दचकलो नाही. नीमा त्याच खोलीतून परीक्षेला गेली.

आता सूचना मोबाईलवर येतात. मी पंपाच्या खोलीबाहेर टांगलेला असतो. अंगावर पोपडे आलेत. यंदा दिवाळीत मला रंग द्याल ना? हिरवा-बिरवा नको हं. माझा काळाच द्या, चांगले दोन हात.