वास नसलेलं पान

मी एक जुनं, काळं लोखंडी पातेलं आहे, आणि मित्रांनो, मी फार भित्रं आहे.

माझी उमेदीची वर्षं गेली उत्तर जपानमधल्या होक्काइडो बेटावर, कियो नावाच्या आयनू आजींच्या चुलीवर. आयनू म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या सूपला ‘ओहाव’ म्हणतात. त्यात बटाटे, गाजर, कधी मासा, मीठ आणि पुकुसा नावाची रानातली रुंद पानं घालतात. पुकुसाला लसणासारखा उग्र वास येतो. पण तशीच दिसणारी विषारी पानंही असतात. एकदा शेजारच्या घरी तसं पान शिजलं. दोघे दवाखान्यात गेले, परतला एकच. तेव्हापासून कियो आजी प्रत्येक पान चुरगाळून हुंगत. माझी भीतीही तेव्हापासूनची.

मीनल तिथे नोकरीला होती; लहानग्या लेकीला घेऊन ती आजींकडे येत-जात असे. तिची सिंगापूरला बदली झाली तेव्हा आजींनी मला तिच्या हवाली केलं. इथे सुरुवातीला माझं कौतुक झालं. मग वाळवलेला पुकुसा संपला आणि मी सिंकखालच्या कपाटात गंजत पडलं.

गेल्या श्रावणात मीनलच्या सासूबाई पुण्याहून आल्या. चातुर्मासात त्या कांदा-लसूण खात नाहीत. त्यांच्यासाठी ओहाव करायला मीनलने मला घासून गॅसवर चढवलं. बटाटे शिजू लागले. मग घर सोडून गेलेल्या शेजाऱ्यांनी दिलेल्या कुंडीतली पानं तिने खुडून आणली.

“आई, हा पुकुसाच दिसतोय. आणि लसणाचा वासच नाही! तुम्हाला चालेल.”

“अगंबाई, माझ्यासाठी सोवळ्यातलाच उगवला म्हणायचा!”

पोटात पाणी उकळत होतं, तरी मी गार पडलं. सुरी चालू झाली. मला ओरडता येत नाही. माझं झाकण खडखडलं, तर मीनलने गॅस बारीक केला.

तेवढ्यात तिची मुलगी इरा, वाक्यामागे सिंगापुरी ‘लाह’ जोडणारी, ओट्याशी आली. तिने एक पान चुरगाळून नाकाशी धरलं.

“मम्मा, नो स्मेल लाह.”

“तेच तर हवंय, पिल्लू.”

“पण कियो आजी म्हणायची, वास नाही तर टाकून दे. डोंट पुट लाह!”

“अगं, पुण्याच्या आजीला लसूण चालत नाही, म्हणून तर...”

मीनल थांबली. तिने स्वतः एक पान चुरगाळलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग सगळी पानं पिशवीत घालून गाठ मारली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली.

“आई, मी तुम्हाला काय वाढणार होते!”

सासूबाईंनी इराला जवळ ओढलं. “नुसतं मीठ घाल गं. आणि मला या पोरीच्या हातून वाढ.”

मित्रांनो, मला घासा, तेल लावा, गंजू देऊ नका. पण ओळख नसलेलं पान माझ्यात टाकू नका. सुरीखाली पानं चिरल्याचा आवाज आला की अजून मला धडकी भरते. भांड्याला नको म्हणता येत नाही.