साहेबांचा उजवा कान

पाच वेळा निवडून आलेले, दोनदा मंत्री झालेले आणि शेवटी एकदा सपशेल आपटलेले साहेब सगळी कारकीर्द एकाच भांडवलावर चालले: साहेब माणूस विसरत नाहीत. भर गर्दीतून एखाद्याला हाक मारून ते त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत, की तो माणूस जन्माचा त्यांचा झाला. खरं सांगायचं तर साहेबांना स्वतःचा धाकटा जावईसुद्धा दोनदा बघावा तेव्हा ओळखू यायचा.

ही सगळी करामत त्यांच्या सहायकाची. तो अर्धं पाऊल मागे उभा राहून कानात कुजबुजायचा: समोरचा कोण, घरात कोण आजारी, काम काय. साहेब मान किंचित उजवीकडे कलती करत, ऐकत, आणि मग त्यांचं ते सुप्रसिद्ध हसू पसरे. लोक त्याला साहेबांचा उजवा कान म्हणत, साहेब नुसतंच उजवा.

एवढ्या वर्षांत साहेबांनी या उजव्याकडे कधी धड पाहिलंच नाही. कार्यक्रमात तो मागे, गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी. त्याची मान त्यांना पाठ होती, चेहरा नव्हे. पराभवानंतर साहेबांनी राजकारण सोडलं आणि उजवा लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला.

म्हणून एका सकाळी तोच उजवा बैठकीत येऊन समोरच्या खुर्चीत बसला, तेव्हा हा कोण, हे साहेबांना काही केल्या कळेना. बाईसाहेब दाताच्या डॉक्टरांकडे गेलेल्या, त्यामुळे विचारायचीही सोय नाही. माणूस विसरलो असं गावभर झालं, तर आपल्याजवळ उरलं काय?

"किती दिवसांनी आलात," ते सावधपणे म्हणाले. पाहुण्याने मान डोलावली. वजन उतरलेलं दिसतंय, घरी सगळे मजेत ना, अशी नेहमीची जाळी साहेबांनी टाकून पाहिली. सगळे मजेत होते. आतून चहा आला, तरी हाती काहीच लागेना. भिंतीवरचे फोटो त्यांनी हळूच नजरेने चाळले, पण त्यांत सगळीकडे आपलं ते स्वतःच होते. कडेला कुठे कुणाचा तरी खांदा, कुठे अर्धा कान.

"काम काय काढलंत?"

"काम काही नाही. सहज आलो."

आता मात्र साहेब पुरते गोंधळले. काम नसताना त्यांच्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. विरोधक असावा का? का लांबचा व्याही? घाबरून त्यांनी हुकमी पत्ता टाकला.

"तुमच्याकडचा रस्ता झाला ना?"

"कुठला रस्ता, साहेब?"

साहेबांचे पत्ते संपले. आणि जन्मभराच्या सवयीने त्यांची मान आपसूक उजवीकडे कलली. तशीच थांबली.

पाहुणा त्या कललेल्या मानेकडे बघत राहिला. त्या मानेचा अर्थ जगात त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. त्याचा चेहरा उतरला. हातातला कप त्याने खाली ठेवला, उठला, खुर्चीला वळसा घालून मागे गेला आणि ठरलेल्या जागी वाकला.

"साहेब, हा उजवा. सगळी वर्षं तुमच्यापाशी होता. दुखणं काही नाही, काम काही नाही. तुम्हाला बघायला आलाय."

तो आवाज कानात शिरला आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. आता कसली भीती नव्हती. चेहऱ्यावर हसू पसरलं, दोन्ही हात पुढे झाले, आणि तिथेच अडकले. समोरची खुर्ची रिकामी होती. कप मात्र अजून वाफाळत होता.

साहेबांना काही उमगेना. मागे वळून न बघताच त्यांनी विचारलं, "उजव्या, अरे, आत्ता इथे बसलेला माणूस कुठे गेला?"

उजवा पुन्हा वाकला.

"गेला, साहेब," उजवा कानात म्हणाला. "त्याचं काही काम नव्हतं."