रुळावरचं मढं

आगगाडी आठवड्यातून एकदा आली तर आली. बाकीचे दिवस रूळ गावाचे. लोकांनी फळ्या ठोकल्या, खाली बेअरिंगची चाकं बसवली, आणि त्या ढकलगाड्यांवर केळी, कॉफी, माहेरवाशिणी, सगळंच वाहायला लागले. रूळ मात्र एकच. दोन गाड्या समोरासमोर आल्या की हलकं ओझं असलेल्यानं उतरायचं. माल खाली, गाडी बाजूला, दुसरी गेली की परत सगळं वर. मढं असलं तर विषयच संपला. घराण्याच्या थडग्याकडे निघालेल्याला कुणी अडवत नाही.

चाळिशी उलटलेल्या बोतोवाओला याचा उपयोग सुचला आणि त्याची चंगळ झाली. केळीच्या घडांवर मेव्हण्याला, झाफीला, आडवा पाडायचा, वर पांढरी चादर टाकायची, आणि मागे सुतकी तोंड करून उभं राहायचं. उतारावर गाडी सुसाट. समोरचे घाम गाळत पोती उतरवायचे, टोप्या काढायचे. वळणापलीकडे हे दोघं पोट धरून हसायचे. "मेल्यावर घोरतोस काय रे," बोतोवाओ म्हणायचा.

त्या सकाळी बोगद्यातून बाहेर पडले तर समोर चढावर एक गाडी. नवरा ढकलतोय, शेजारून त्याची सासू चालतेय, आणि फळीवर त्याची पोटुशी बायको, कळा सुरू झालेली. वर तोलोंगोइनाच्या दवाखान्यात चालले होते.

बोतोवाओनं ब्रेकची काठी दाबली. तोवर नवऱ्यानं बायकोला उचलून खडीवर बसवलंसुद्धा.

"अहो, राहू द्या, आम्हीच उतरतो," बोतोवाओ म्हणाला.

"आणि मढं खाली ठेवणार? भलतंच," म्हातारी म्हणाली. "कोण गेलं, बाबा?"

खरं सांगायची हीच वेळ होती. "मेव्हणा," तो म्हणाला.

म्हातारीनं ती मळकी चादर पाहिली. अंगावरची रेशमी शाल काढून तिनं झाफीवर पसरली, कडा नीट खोचल्या, झोपलेल्या पोराच्या खोचाव्यात तशा. खडीवर तिची लेक ओठ चावत होती. "जाऊ दे गं त्यांना आधी," ती कशीबशी म्हणाली. "त्यांची माणसं वाट बघत असतील."

आणि बोतोवाओ गेला.

वळणापलीकडे कुणी हसलं नाही. झाफी उठून बसला, शालीकडे बघत. "ती खडीवर, अन् मी केळ्यांवर," एवढंच बोलला. बोतोवाओनं केळ्यांसकट गाडी झुडपात लोटली, आणि दोघं चढावर पळत सुटले.

ती माणसं नुकतीच पुन्हा चढाला लागली होती. शाल अंगावर तशीच असलेल्या झाफीनं गाडीला खांदा लावला. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारीनं झाफीकडे पाहिलं, मग बोतोवाओकडे. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तरं त्याच्याकडे आयुष्यभराची साठलेली होती.

"ढकला," ती म्हणाली.

तिघांनी गाडी दवाखान्यापर्यंत ढकलत नेली. लेकीला आत नेलं तेव्हा बोतोवाओनं घडी करून शाल पुढे केली. "मावशी, ही तुमची..."

म्हातारीनं हात लावला नाही. "मेलेल्याला दिलेलं परत घेत नाहीत, बाबा. ठेव. घरात कुणाला तरी लागेलच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आतून बाळाचं रडणं आलं तशी ती धावत गेली. बोतोवाओ शाल दोन्ही हातांवर घेऊन उभाच राहिला. ती खांद्यावर टाकवेना, आणि स्वतःची म्हातारी आई असलेल्या घरात हे मढ्यावरचं वस्त्र न्यायचं कसं, तेही कळेना.