आरती व्हायच्या आत नेट संपतं

साडेनऊला हॉस्टेलवरचं काम उरकून घरी आलो, तर आई खाटेवर हात जोडून बसलेली. समोर उशीला टेकवून ठेवलेला फोन, पडदा काळा. बाजूच्या रात्रीच्या ताटावरचं झाकण सकाळी मी ठेवलं तसंच.

"जेवली न्हाईस?"

"आरती व्हायचीय."

"आई, फोन बंद पडलाय."

"फोन पडलाय. कीर्तन कुठं पडलंय? आरती झाल्याबिगर उठायचं कसं?"

"कीर्तन नऊलाच सुटतं. गावात लोकं आता अंथरुणं टाकत असतील."

"मला न्हाई दिसलं सुटलेलं."

आमचं गाव धर्माबाद तालुक्यात. तिथला सप्ता आईनं आयुष्यात कधी चुकवला नव्हता. यंदा लातूरला गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तिच्या वाटणीच्या पोळ्या लाटायला माझी बायको गेली. आईला राहिला फोन. मी अजून बटनांचाच फोन वापरतो. मोठा फोन घरात एकच, माझ्या पोरीनं, शिवांगीनं, आजीला घेऊन दिलेला. गावची पोरं पहाटेच्या काकड्यापासून सगळं लाईव्ह दाखवतात. आई पहाटेपासून बघायची आणि दिवसाचं नेट संध्याकाळी साडेआठला, महाराज अभंगाच्या शेवटच्या चरणावर आले की, संपायचं. मधूनच उठून जाणाऱ्यांना आई जन्मभर नावं ठेवत आली. आता ती स्वतः कशी उठणार?

दुसऱ्या दिवशीही तेच. शुगरची गोळी जेवणानंतरची, तीही तशीच पडून. तिसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी फोन घेऊन औसा रोडवर चांदपाशाच्या दुकानात गेलो.

चांदपाशा आमचा जुना माणूस. त्यानं फोन बघितला, मला बघितलं, आणि दुकानाबाहेरच्या छत्रीकडं बोट केलं. छत्रीखाली कंपनीचा टाय घातलेला पोरगा. मागं फलक: तेवढ्याच पैशात रोज दुप्पट नेट. फक्त नवीन ग्राहकांसाठी.

"आईचा नंबर ह्याच कंपनीचा हाय की," मी म्हणालो.

"म्हणून तर न्हाई मिळत. काकी पंधरा वर्षांपासून हायेत ना."

"मग आधी तिला द्यायला पाहिजे."

"तुमी कीर्तनातले माणसं, भाऊ. हितं उलटं असतंय."

उलटंच म्हणायचं. आमच्या मंडपात जो आधी येतो तो पुढं बसतो, उशिरा येणारा जागा मिळेल तिथं टेकतो, आणि प्रसाद दोघांना सारखाच. ही कंपनी म्हणजे मंगलाचरणापासून बसलेल्या म्हातारीला उठवून चपलांच्या ढिगापाशी नेणार, आणि कालपर्यंत दुसऱ्याच्या मंडपात डुलक्या घेणाऱ्याला गादीवर बसवून हार घालणार. वर त्या म्हातारीला रोज मेसेज: प्रिय ग्राहक, तुमचा विश्वास हीच आमची ताकद. ताकद चपलांपाशी बसवायची असते, हे मला नवीन होतं.

"वरून जादा नेट टाकून देऊ का? रोज थोडे पैसे लागतील," चांदपाशानं विचारलं.

माझा बटनांचा फोन आईजवळ ठेवून आलो होतो, त्यावर लावून तिला विचारलं. ती म्हणाली, "मपलंच माप आखडायचं, आन् काढलेलं मलाच इकायचं. ठिवा म्हणावं तुमच्याजवळच."

मग राहिला एकच रस्ता. नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचं, म्हणजे तिथं आई नवीन. चांदपाशानं मेसेज पाठवला, कोड आला, त्यानं अर्ज भरला, आणि तारीख बघून कपाळाला हात लावला.

"भाऊ, बदल गुरुवारी होतोय. सकाळी चार-सहा तास फोन बंद राहील."

गुरुवारी सकाळी काला. सप्त्याचं शेवटचं कीर्तन, दहीहंडी आणि मोठी आरती. बाकीचं सगळं एकवेळ चुकेल, काला चुकला तर आईच्या लेखी सप्ता झालाच नाही. घरी येऊन सांगितलं. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "अजून तीन दिवस हायेत. बघू."

त्या दिवसापासून तिनं काकडा सोडला, पारायण सोडलं, संध्याकाळच्या कीर्तनासाठी नेट राखायला लागली. पण दुपारचं प्रवचन काही सोडवेना, आणि आरती हुकायचीच. देवाचं नाव मापून घ्यायची वेळ आली तिच्यावर.

बुधवारी माझी सुट्टी. दुपारी कंपनीचा फोन आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. आईनं स्पीकरवर टाकला.

"साखराबाई मॅडम, मी पुनम बोलतेय. आपण आमच्या खूप जुन्या, खास ग्राहक आहात. आपल्याला काही त्रास झाला का?"

"त्रास? आरती दिसंना झालीय पोरी, पाच दिवस."

"आरतीचं... मी नोंद करते, मॅडम. आपण अर्ज मागे घेतलात तर आजपासून दुप्पट नेट. ही ऑफर फक्त आपल्यासाठी."

मी आईकडं बघितलं. ती होय म्हणाली असती तर उद्याचा काला हातात होता. मी मान हलवून हाव म्हण, हाव म्हण, अशा खुणा करत होतो. लाज नाही वाटली मला.

"आज देता येतंय, तर परवा काहून दिलं न्हाई?" आईनं विचारलं.

"परवा आपण चालल्या नव्हतात ना, मॅडम."

"म्हंजे बसलेल्याला न्हाई, उठून चाललेल्याला वाढायचं. बरं, तू किती वरीस झाले तिथं?"

"सहा वर्षं."

"आन् नव्या येत्यात त्या पोरींना तुझ्यापेक्षा जास्ती पगार हाय का?"

तिकडून दहा-बारा जणींचं गोड बोलणं ऐकू येत होतं.

"कॉल रेकॉर्ड होतोय, आजी," ती हळूच म्हणाली. मॅडमची आजी झाली होती.

"बरं बरं. नकू सांगू. पर मला आडवू बी नकू. जाते मी."

"आई, उद्या काला," मी फोन ठेवल्या ठेवल्या म्हणालो.

"ठाव हाय. त्यांच्या मेहरबानीचा काला मला गोड लागायचा न्हाई."

गुरुवारी नऊलाच फोनवरच्या रेंजच्या काड्या गेल्या. आईनं अंघोळ करून कपाळाला बुक्का लावला होता. काळ्या पडद्यासमोर बसायची तिची तयारी होती; माझी नव्हती. मी चांदपाशाला फोन लावला.

"घिऊन या की काकीला," तो म्हणाला. "दुकानात वायफाय हाय."

रिक्षानं नेलं. चांदपाशानं स्वतः हात धरून तिला गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवून दिला, आणि दुकानातला मोठा टीव्ही जोडला. टीव्हीवर आमचा मंडप आला. कोपऱ्यात माझी बायकोही दिसली.

आरती सुरू झाली तेव्हा दुकानात सहा-सात गिऱ्हाईकं जमली होती. एकानं नवं सिम मागितलं. चांदपाशा म्हणाला, "आरती होऊ द्या." गिऱ्हाईक थांबलं. बाहेरचा टायवाला पोरगाही आत येऊन चपला काढून उभा राहिला. त्याचं गिऱ्हाईक छत्रीखाली हाका मारत राहिलं.

आरती संपली. आईनं टीव्हीला नमस्कार केला, पदर सारखा केला आणि उठायला हात पुढं केला. सहा दिवसांनी पहिल्यांदा ती कीर्तनातून रीतसर उठत होती.

दीड वाजता नवं सिम चालू झालं. चांदपाशा कार्ड बसवताना म्हणाला, "काकी, जुन्या झालात की हे बी तेच करतेत. आन् तीन महिने दुसरीकडं जाता बी येत न्हाई."

"करू दे," आई म्हणाली. "तवर गुडघा बरा व्हतोय. पुढच्या खेपंला मी चालत येते, ही कंपनी बी सोडायला. आता जेवाय चला."