खोक्यावरची बाई

झपक्याचा फ्लॅश असा काही पेटायचा की समोरचं माणूस डोळे मिटल्याशिवाय राहायचं नाही, म्हणून त्याचं नाव झपक्या. पन्नाशी दारात आली तरी नावही सुटलं नव्हतं आणि खोडीही. पासपोर्टच्या फोटोला तोंड पाडून बसलेल्या गिऱ्हाइकाला तो ऐन वेळी हळूच विचारायचा, "चेन लावलीय ना?" आणि गिऱ्हाईक दचकून खाली बघायचं. तो फोटो झपक्या स्वतःकडे ठेवायचा. असे तीनशे फोटो होते त्याच्याकडे. त्यात दोन न्यायाधीश.

पण त्याची सगळ्यात भारी करामत भिंतीवर टांगायची सोय नव्हती. ती पुरती तिघांनाच ठाऊक होती: तो स्वतः, एक केस कापणारी आणि त्याचे भाऊजी.

झपक्याची ताई केसांचं तेल बनवायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार मोठ्या कढया आणि हाताखाली आठ बायका. खोबरेल, तीळ, एरंडेल, वर सात प्रकारचा पाला. भेसळीचा एक थेंब नाही. पाला करपायच्या आत कढई उतरवायची असते, आणि तो क्षण ताई नाकाने ओळखायची. तिने मान हलवल्याशिवाय गॅसला कुणी हात लावायचा नाही. खोक्यात भरणं आणि विकणं हे काम भाऊजींचं, तिकडे त्यांच्या गोदामात. आणि भाऊजी म्हणजे असा माणूस, की पाणी विकायला बसले असते तर त्यावर 'आता अधिक ओलं' असं छापून मोकळे झाले असते. तेलाच्या खोक्यावर त्यांनी छापलं होतं, 'नव्वद दिवसांत दाट केस'. खाली दोन फोटो. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'.

आता केस काही भाऊजींचा शब्द पाळायला बसलेले नाहीत. नव्वद दिवसांत वाढून वाढून किती वाढणार? पण कापायला नव्वद सेकंद पुरतात. म्हणून झपक्या 'नंतर'चा फोटो आधी काढायचा. लांबसडक दाट केसांची, आणि त्या केसांना वैतागलेली, अशी एखादी बाई गाठायची. तिला छान उजेडात पाठमोरी उभी करायची आणि फोटो घ्यायचा. मग केस कापणारी पुढे व्हायची. केस खांद्यावर आणायची, दातेरी कात्रीने आतून विरळ करायची, वरून पावडर चोळून उरलीसुरली रया घालवायची. की लगेच ट्यूबलाइटखाली 'आधी'चा फोटो. बाईला फुकटात केस कापून मिळायचे, भाऊजींना पुरावा मिळायचा, आणि झपक्याला आठवडाभर हसायला मिळायचं.

ताईला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, कुणीतरी खरंच तीन महिने आपलं तेल लावलं. शेडमधल्या फळीवर तिने एक खोकं ठेवलं होतं. त्यावरच्या पाठमोऱ्या बाईकडे ती अशी बघायची, की जणू वर्गात पहिली आलेली लेक.

यंदा बाटली बदलली, म्हणून खोकंही नवं करायचं ठरलं. या वेळची बाई पोहायला शिकवणारी होती. केस कमरेच्या खाली, आणि रोज दोन तास ते वाळवण्यात जायचे. कात्री बघून तिनेच टाळी वाजवली. काम फत्ते. एरवी झपक्या फोटो दोन पाकिटांत घालायचा, वर ठळक अक्षरात लिहायचा आणि स्वतः छापखान्यात जायचा. त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. त्याने दोन्ही फोटो फोनवरूनच धाडले, काढले त्या क्रमाने, आणि गाल धरून दाताच्या डॉक्टरकडे पळाला.

छापखानेवाल्याने पहिला आलेला फोटो डावीकडे लावला, दुसरा उजवीकडे. तो बापडा तरी दुसरं काय करणार?

नमुना सगळ्यांनी तपासला. छापखानेवाल्याने हिरवा रंग हिरवाच उतरलाय ना ते पाहिलं. भाऊजींनी 'नव्वद' पुरेसं मोठं दिसतंय ना ते पाहिलं. ताईकडे मागच्या बाजूचा कागद आला होता, तिने बोट ठेवून सातही पाल्यांची नावं वाचली. ज्याने त्याने आपापलं पाहिलं आणि दहा हजार खोकी छापून, भरून दुकानादुकानांत गेली.

आठवड्याने झपक्या साबण आणायला दुकानात गेला, तर समोरच्या फळीवर खोक्यांची रांग. डावीकडे 'आधी': कमरेखाली रुळणारे काळेभोर केस. उजवीकडे 'नंतर': खांद्यावर चार उंदराच्या शेपट्या. म्हणजे हे तेल नव्वद दिवस लावा, आहेत तेही घालवा.

झपक्याच्या तोंडचं पाणी पळालं. साबण तिथेच राहिला. घरी येऊन तो फोनकडे बघत बसला. आता भाऊजींचा येईल, मग दुकानदारांचा, मग कुणा वकिलाचा. फोन वाजला की त्याची पाचावर धारण बसायची. एकदा तर रद्दीवाल्याशी तो पाच मिनिटं माफीच्या सुरात बोलला.

कुणाचाच आला नाही. दोन आठवडे गेले, तीन गेले. शेवटी न राहवून त्याने दुकानदारालाच विचारलं, नवं खोकं कसं वाटलं? दुकानदार म्हणाला, मस्त आहे, हिरवं आहे, जुन्यापेक्षा जास्त जातंय. झपक्या आ वासून बघत राहिला. पुढच्या आठवड्यात भाऊजींनी कौतुकाने सांगितलं की एका शाळेतल्या बाईंनी फोन करून कळवलंय, महिन्यातच फरक पडला, अगदी खोक्यावरच्यासारखा. हे ऐकून झपक्या खुर्चीवरून उठून मागच्या खोलीत गेला आणि उशीत तोंड खुपसून हसला. एवढी मोठी खोडी त्याच्या हातून जन्मात झाली नव्हती, आणि गंमत म्हणजे ती त्याने केलीही नव्हती.

सहाव्या आठवड्यात ताईचा फोन आला. दुपारी ये, म्हणाली. एकटा ये.

शेडच्या दारात पाऊल टाकलं आणि झपक्याचं हसू जागच्या जागी वाळलं. चारही कढया थंड. गॅस बंद. आठ बायकांपैकी एकही नाही. गेल्या इतक्या वर्षांत, ताईला ताप असतानाही, या शेडमध्ये एवढी शांतता त्याने पाहिली नव्हती. ताईने त्याला आत घेतलं आणि कडी घातली. तेलात केस पडू नये म्हणून कामावर सगळ्या बायका डोक्याला फडकं बांधायच्या, तसं तिच्या डोक्याला होतं. टेबलावर नवं खोकं होतं.

झपक्याने वाटेत दोन थापा तयार केल्या होत्या. त्यातली बरी कुठली, याचा तो विचार करतोय तोवर ताईने त्याचा हात हातात घेतला.

"तुला तोंडाने सांगवेना, म्हणून तू खोक्यावर टाकलंस," ती म्हणाली. "तुझ्या भाऊजींच्या नाकाखालून. आणि मी तुला आजवर नुसता टवाळ समजत आले रे."

झपक्याला ओ की ठो कळेना. ताईने डोक्याचं फडकं सोडलं.

डोक्यावर चाई पडली होती. एक नाही, चार ठिकाणी. तीन चट्टे रुपयाएवढे, आणि कानामागचा एक तर चांगला तळहाताएवढा. अंड्यासारखी गुळगुळीत कातडी, एक केस नाही. झपक्याने आयुष्यभर माणसांची डोकी कॅमेऱ्यातून बघितली होती. आता त्याला कुठे बघावं ते समजेना.

चार महिन्यांपूर्वी सुरू झालं, असं ताईने सांगितलं. कुणाला दाखवलं नाही. शेडमध्ये फडकं असायचंच. घरी विचारलं तर 'तेल मुरतंय' म्हणायची. सकाळ-संध्याकाळ आपलंच तेल चोळत होती. चट्टे वाढत गेले तेव्हा वाटलं, आपलंच लावायचं काहीतरी चुकतंय. आणि परवा दुकानात नवं खोकं हातात घेतलं.

"हिचे तरी किती छान होते," फोटोवर बोट ठेवून ताई म्हणाली. "नव्वद दिवसांत काय झालं बघ. माझ्या तेलाने हिचे गेले, माझे गेले. अजून किती जणींचे गेले असतील, सांग. तू भेटलास ना हिला? फार रडली का?"

बायकांना तिने आता कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. कढया मोडीत द्यायच्या होत्या. दुकानादुकानांत जाऊन एकेक बाटली परत आणायची होती. आणि हे सगळं कळलं कुणामुळे, तर खरं बोलायची हिंमत असलेल्या धाकट्या भावामुळे.

झपक्याच्या मनात आलं, नुसती मान हलवली तरी पुरे. आपण वीरपुरुष. दाढेचं नाव नको, कात्रीचं नाव नको. एवढी मोठी शाबासकी त्याला पुन्हा कधी मिळणार नव्हती, आणि तीही आयती चालून आलेली. त्याने मान हलवायला सुरुवातही केली. मग त्याची नजर थंड कढयांकडे गेली.

"त्या बाईचे केस तेलाने गेले नाहीत, ताई," तो म्हणाला. "कात्रीने गेले. मी समोर उभा होतो."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. नंतरचा फोटो आधी, आधीचा नंतर, पावडर, ट्यूबलाइट, दाढ. ताई ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिच्या तोंडावर रंग परत आला. तिने एवढा मोठा श्वास सोडला की झपक्याला वाटलं, सुटलो.

"म्हणजे माझ्या तेलाने कुणाचे गेले नाहीत."

"एकीचेही नाहीत."

"आणि आले कुणाचे?"

झपक्याची नजर फळीकडे गेली.

ताईने फळीवरचं जुनं खोकं उतरवलं. "ही?"

त्याने मान हलवली. तीही तशीच, कात्रीचीच.

"हिच्या आधीची?"

त्याने परत मान हलवली.

ताई स्टुलावर बसली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी चार महिने डॉक्टरकडे गेले नाही, ते या बाईकडे बघून. म्हटलं, हिचे आले, माझे येतील. रोज दोन वेळा मी तुझी कात्री डोक्याला चोळली रे."

केसाने गळा कापतात, हे झपक्याने आजवर नुसतं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी भिंगातून एकेक चट्टा बघितला. म्हणाल्या, शरीर कधी कधी स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठतं, तसलं हे. तेलाने आलं नाही आणि तेलाने जाणार नाही. इंजेक्शनं देऊन बघू, केस परत येतातही, पण शब्द देत नाही. लवकर दाखवलं असतं तर बरं झालं असतं. झपक्या जमिनीच्या फरशा मोजत होता. तेवढ्यात ताईने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. हे माझं, म्हणाली, याने नक्की काय होतं तेवढं सांगा.

डॉक्टरीणबाईंनी दोन थेंब बोटांत चोळले, वास घेतला. "तेल छान आहे. केस मऊ राहतील, विंचरताना कमी तुटतील. मुळांना मात्र याचा पत्ताही लागत नाही."

"मऊ राहतात, एवढं खरं ना?"

"एवढं खरं."

ताईने ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. आणि आपलं डोकं परत भरेल की नाही हे अधांतरीच आहे असं नुकतंच ऐकलेली ती बाई चक्क खूश झाली. तिथल्या तिथे. झपक्याला या सगळ्या प्रकरणात एवढा धक्का दुसऱ्या कशाने बसला नव्हता.

घरी जाता जाता तिने आठही बायकांना फोन केले. संध्याकाळी भाऊजी शेडमध्ये आले तेव्हा चारही कढया पेटल्या होत्या आणि टेबलावर नव्या खोक्याचा मजकूर लिहून तयार होता: 'केस मऊ राहतात. कमी तुटतात.' फोटो नाही. 'नव्वद' नाही. भाऊजींनी तो वाचला आणि हे वाचून कुत्रं तरी विकत घेईल का असं विचारलं. मग ताईने झपक्याला उलट लागलेल्या फोटोंचं सांगायला लावलं, आणि स्वतः समोर बसली, तोंड बघायला.

भाऊजींनी छापलेलं खोकं हातात घेतलं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. परत डावीकडे. मग जवळच्या तेलाच्या डब्यावर बसले.

"सहा आठवडे?"

"सहा," झपक्या म्हणाला.

"आणि खप तर वाढलाय."

"वाढलाय."

हसावं की रडावं ते त्यांना ठरवता येईना. "सहा आठवडे हे दुकानात पडलंय आणि एका माणसाने बघितलं नाही?"

"मी बघितलं," ताई म्हणाली. "मला बघायला कारण होतं." आणि तिने फडकं सोडलं.

कढईत पाला तडतडत होता. रोज उठून केसांवर भाषणं देणारा माणूस आपल्या बायकोच्या डोक्याकडे बघत राहिला. 

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं, तेही झपक्याला.

"चार महिने," ताईच म्हणाली. "रोज तुमच्या शेजारी बसून जेवते मी."

भाऊजींनी बोलायला तोंड उघडलं.  तेवढ्यात ताईचं नाक हललं, ती उठली आणि त्यांना बाजूला सारून कढई उतरवायला गेली.