एकेचाळीस मीटरवरचं नाव

काटा रेघेच्या केसभर अलीकडे... तेवढंच पुरे. तिथं नुसती खरखर येते आणि ‘आज हवा खराब’ म्हणता येतं. रेडिओची खाचांची कळ पंजाबरावच्या घामानं ओली झाली होती. उन्हं कलली होती. आता पंचवीस मीटरचा पट्टा मरणार, एकेचाळीसचा जागा होणार, आणि सरहद्दीपलीकडचं स्टेशन एकाहत्तरच्या लढाईतल्या कैद्यांची नावं सांगणार. रेडिओच्या लाटा आभाळाच्या छताला आपटतात, शेजारच्या शेलूबाजारवाल्यांच्या डोक्यावरून उडून थेट आपल्या रिठदात पडतात, हे पारावर त्यानंच सांगितलेलं. रेडिओला ऊन भाकर दाखवली की लंडन लागतं, हेही. लोक हसायचे. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही...

‘शिपाई —’ म्हणाला तो पलीकडचा, आणि आवाज विहिरीत उतरावा तसा खोल गेला. वर आला तेव्हा दुसरंच नाव चालू. मधली जागा रिकामी. रिकामी जागा या पंजाबरावनं जन्मात कधी तशीच सोडली नाही! समोर गोजराबाई, बेपत्ता देवमनची आई, श्वास धरून बसलेली... ‘देवमनच म्हणाला,’ बोलून गेलो. तिनं गल्लीभर गूळ वाटला. त्याला पाच महिने झाले.

“मामाजी, सरका बरं.” देवमनची बायको अंजना, गावच्या नात्यानं त्याला मामाजी म्हणणारी, शेजारी येऊन टेकली. “अनसिंगहून भाऊ आले होते. दुसरं घर पाह्यलं म्हणे माह्यासाठी. वापस धाडलं म्या.”

“काहून?”

“काहून म्हणजे? तुमीच त नाव ऐकलं.”

पंजाबरावनं कळीवरचा हात काढला. मग, कधी नव्हे ते, सरळ निघालं, “अंजना, त्या दिवशी म्या काईच ऐकलं नोतं.”

ती खळखळून हसली. “झालं सुरू तुमचं!”

“खरं सांगून राह्यलो, पोरी.”

“मंग भाकर आणू का, रेडिओले दाखवाले?” पण हसू ओठांवरच विरलं. तिनं हात पुढे केला, काटा केसभर पलीकडे सारला. “रोज पाहून राह्यली मी. तुमी अलीकडंच सोडता.”

आवाज आला — लख्ख, शेजारच्या ओसरीवरून यावा तसा. एक नाव, दुसरं, तिसरं... कुठं फट नाही, आणि देवमनही अजून नाही. अंजना पदराचं टोक दातात धरून ऐकत होती. तिच्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलं — त्या दिवशी म्हणालाही असेल तो, देवमनच. आवाज बुडताना आपल्याला ऐकू आलंही असेल... आणि हे आपल्याला पटत चाललंय, याचीच त्याला भीती वाटू लागली.